निसर्गातली खोली बांधताय? आधी जुलैचा विचार करा



बागेत एखादी टुमदार खोली बांधायची आणि शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे पाहुणे घ्यायचे, हा विषय सध्या कोकणात घराघरांत निघतो. पैसे कुठून येतात तेही मला माहीत आहे. कुणाची प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम असते, कुणाचा दोन वर्षांचा आंबा असतो, कुणी बायकोच्या पाटल्या बँकेत ठेवलेल्या असतात. असला पैसा एकदाच येतो. म्हणून व्हिडिओत घाईघाईत सांगितलेलं इथे सावकाश लिहितोय. आज मार्केटिंग नाही, इन्स्टाग्राम नाही. फक्त खोली कशी असावी, एवढंच.

आणि उदाहरण कोकणाचंच घेणार आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, खालचा रायगड. घाटावर राहत असाल तर थोडा फेरफार करून वाचा.

मला जे नकाशे लोक दाखवतात त्यांत हल्ली एकच आकार सारखा दिसतो: ए-फ्रेम. म्हणजे छप्पर थेट जमिनीपर्यंत उतरलेलं, पुढून सगळी काच, आत पलंग. फोटो सुंदर येतो, वादच नाही. पण हा आकार जिथे वाढला तो मुलूख बर्फाचा. छपरावर बर्फ साठू नये, आपोआप घसरून खाली यावा, म्हणून एवढा उतार. आपल्याकडे बर्फ कुठे पडतो? आपल्याकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत, आणि सरळ वरून न पडता बाजूने मारतो.

गुहागरकडचा एक जण मला म्हणाला, "सर, इंजिनियर सांगतो, काच लावली की निसर्ग आत येतो." मी म्हटलं, "दादा, येईल की. पण मे महिन्यात तो ऊन होऊन येईल आणि मग तुम्ही एसी लावाल, आणि एसी लावला की काच बंद, पडदा ओढलेला." तो हसला, पण नकाशा बदलायला त्याला दोन महिने लागले.

ए-फ्रेमची अडचण नीट समजून घ्या. त्याला बाजूच्या भिंतीच नसतात, त्यामुळे खिडक्या फक्त पुढच्या आणि मागच्या टोकाला. मागच्या टोकाला बहुतेक लोक बाथरूम घालतात. म्हणजे वारा पुढून आत येतो आणि तिथेच अडकतो. खिडकीवर छपराची झाप नाही, म्हणून पाऊस आला की खिडकी बंद. आणि दोन्ही कडांना माणूस ताठ उभा राहू शकत नाही, तरी त्या जागेचे पैसे तुम्ही चौरस फुटावर मोजलेले असतात.

ऊन कुठून येतं, पाऊस कुठून येतो

शाळेत 'शून्य सावली दिवस' ऐकला असेल. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि भर दुपारी सावली पायाखाली जाते. आपल्या कोकणात हा दिवस मेच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. सुट्टीचा हंगाम नेमका तेव्हाच. म्हणजे पाहुणे भरलेले असतात त्या दिवसांत दुपारचं ऊन भिंतीवर कमी आणि छपरावर जास्त पडतं. खोली गार ठेवायची तर पैसा छपरात घाला. भिंत साध्या चिऱ्याची असली तरी चालते.

छपरासाठी माझी पहिली पसंती मंगळुरी कौलं, ३० अंशांच्या आसपास उतार, आणि खाली लाकडी फळ्यांचा किंवा बांबूच्या चटईचा माळा. कौल आणि माळा यांच्यामध्ये जी हवा राहते ती खरी कामाची. ती गरम हवा बाहेर जायला वरच्या त्रिकोणी भिंतीत जाळी ठेवा. केरळात लॉरी बेकर यांनी आयुष्यभर अशा विटांच्या जाळ्या वापरून घरं बांधली. पाऊस तिथेही आपल्यासारखाच. चिऱ्यातही अशी जाळी जमते, गवंडी जुना आणि हौशी असला पाहिजे. जाळीमागे बारीक तारेची जाळी मात्र लावाच, नाहीतर वटवाघूळ आणि साप दोघेही फुकटचे पाहुणे होतील.

आता कुणीतरी म्हणणार, सर, वानरांचं काय? बरोबर आहे. कोकणात कौलं काढून पत्रे घालायचं सगळ्यात मोठं कारण वानरंच आहेत. एका उडीत पाच-सात कौलं जातात. त्यावर दोन गोष्टी करता येतात. छपराच्या दहा-बारा फूट आसपास येणाऱ्या फांद्या दरवर्षी छाटायच्या, म्हणजे उडी मारायला जागा उरत नाही. आणि शंभरेक कौलं मागच्या बाजूला रचून ठेवायची. तेवढंही शक्य नसेल तर पत्रा घाला, मी नाही म्हणत नाही. पण मग खालचा माळा कमी करून पैसे वाचवू नका. उघड्या पत्र्याखाली मेमध्ये भाजून निघतो आणि जुलैत पावसाच्या आवाजाने शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. पाहुण्याला पावसाचा आवाज हवा असतो, पण त्याला झोपही हवी असते.

पत्रा असो की कौलं, छप्पर बांधून ठेवणं महत्त्वाचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात किती छपरं उडाली ते तिथल्या लोकांना विचारा. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. वारा छपराला वरून दाबत नाही, तो खालून उचलतो. पडवी जेवढी मोठी आणि उघडी, तेवढा तो जास्त उचलतो. म्हणून पडवीचा खांब नुसता जोत्यावर टेकवून चालत नाही. त्याच्या आतून किंवा बाजूने लोखंडी सळई थेट पायात गेली पाहिजे. भिंतीवरची आडवी तुळई भिंतीत बोल्टने जखडलेली पाहिजे. हे काम प्लॅस्टर झाल्यावर दिसत नाही, म्हणून ठेकेदार ते टाळतो. त्या दिवशी तुम्ही स्वतः तिथे उभे राहा आणि मोबाइलवर फोटो काढा.

पावसाचं गणित वेगळं. तो नैऋत्येकडून येतो आणि झडीने मारतो. गंमत अशी की आपल्याकडे पश्चिमेला तिन्ही गोष्टी एकत्र येतात: उन्हाळ्यातली समुद्राकडची वाऱ्याची झुळूक, संध्याकाळचं तिरपं ऊन आणि पावसाळ्यातली झड. पश्चिम बंद केली तर खोली कोंदट, उघडी ठेवली तर ओली. आपल्या जुन्या लोकांनी यावर जो उपाय काढला तो तुमच्या आजोळच्या घरात बघा. पश्चिमेला खोल पडवी, छप्पर चांगलं खाली उतरलेलं, आणि पावसाआधी बाहेरच्या बाजूने विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधलेले. वारा गाळून आत येतो, पाणी बाहेरच राहतं. आज झाप विणणारा मिळत नसेल तर बांबूच्या पट्ट्यांचे उचलून बांधता येणारे पडदे करा, किंवा लाकडी झडपांची दारं करा. पण पश्चिमेला उघडी काच नको.

पडवीच विकायची आहे

तुमच्याकडे पाहुणा खोलीत किती वेळ असतो याचा कधी विचार केलाय? रात्री झोपायला, दुपारी जरा आडवा व्हायला. बाकीचा वेळ तो चहा घेऊन बाहेर बसलेला असतो. निसर्गाच्या जवळ राहणं म्हणजे त्याच्या लेखी तेच: भर पावसात कोरडं बसता आलं पाहिजे आणि हात पुढे केला तर पागोळी हातावर पडली पाहिजे. हे फक्त पडवी देते. काचेमागून पाऊस बघायचा तर त्याचं मुंबईतलं चौदाव्या मजल्यावरचं घर आहेच की.

म्हणून मी खोलीचा हिशोब असा मांडतो. खोली १२ बाय १४ फूट, म्हणजे १६८ चौरस फूट. बाथरूम ५ बाय ८, म्हणजे ४०. आणि पडवी ८ बाय १४, म्हणजे ११२. एकूण ३२० चौरस फूट. पडवी आठ फुटांपेक्षा कमी करू नका. चार-पाच फुटांची पडवी दिसायला पडवी असते, पण झड आली की खुर्च्या आत ओढाव्या लागतात. आठ फुटांत मागच्या भिंतीला लागून एक बाजेसारखा पलंग बसतो आणि माणूस कोरडा राहतो. पडवी आणि खोली यांच्यामधलं दार रुंद ठेवा, वर-खाली दोन झडपांचं असेल तर उत्तम. खालची झडप बंद ठेवून वरची उघडी ठेवता येते, कुत्रं आत येत नाही.

जोतं निदान अडीच फूट. हे कशासाठी ते जुलैत कळतं: अंगणातलं पाणी उडून भिंतीला लागतं, जमिनीची ओल वर चढते, आणि विंचू-कानशीळ चिऱ्याच्या फटीतून आत येतात. जोत्यावर भिंत चढायच्या आधी ओल अडवणारा थर घालून घ्या. जांभा पाणी पितो. खालून थर नसेल तर कितीही महाग रंग लावा, दुसऱ्या वर्षी पोपडे. बाहेरून प्लॅस्टर नाही केलं तरी चालेल, सांधे नीट भरून चिरा उघडा ठेवा. पाहुण्यांना तो आवडतो आणि तुमचे पैसे वाचतात.

बांबू वापरायचा तर जरूर वापरा. सिंधुदुर्गात माणगा जातीचा बांबू बांधावर लावलेला असतो, भरीव आणि सरळ. कुडाळला कोनबॅक ही संस्था बांबूच्या बांधकामात बरीच वर्षं काम करते आहे, एकदा जाऊन बघून या. पण बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला नसेल तर बांबूला भुंगा लागतो आणि पलंगावर पिठासारखी पूड पडायला लागते. आणि प्रक्रिया केलेला बांबूही उघड्या पावसात टिकत नाही. त्याला वर छप्पर आणि खाली दगडाचा ठोकळा हवा.

आतल्या गोष्टी

जुलै महिन्यात तुमच्या खोलीत शिरल्यावर पाहुणा पहिला श्वास घेतो, तिथेच तुमचं रेटिंग ठरतं. ओलसर, कुबट वास आला की संपलं. मग जेवण कितीही फक्कड द्या.

यासाठी बंद कपाट टाळा. उघडी फळी, भिंतीला खुंट्या, आणि ओले कपडे वाळत घालायला पडवीच्या आत वरच्या बाजूला एक बांबू. पलंग भिंतीला चिकटवू नका, खाली हवा फिरू द्या, बॉक्सचा पलंग तर नकोच. जाड फोमची गादी एकदा ओल धरते ती दिवाळीपर्यंत सोडत नाही. त्यापेक्षा वेगळ्या करता येतील अशा दोन पातळ गाद्या आणि वर धुता येणारी गोधडी. पाहुणे नसले तरी पावसाळ्यात खोली दिवसाआड उघडून पंखा लावायचा. चादरी ठेवायला घरात एक कपाट लागेलच, त्यात जुन्या पद्धतीचा तारेचा छोटा बल्ब लावायची युक्ती अनेक घरांत आहे. एलईडी लावलात तर उजेड मिळेल, ऊब नाही.

बाथरूममध्ये मात्र हौस करा. शहरातला माणूस जंगलात राहायला तयार असतो, पण संडास त्याला घरच्यासारखा लागतो. कमोड, भरपूर पाणी, घसरणार नाही अशी फरशी, आणि वर मोठी खिडकी. आंघोळीची जागा आणि कमोडची जागा यांत एका इंचाची तरी पायरी द्या म्हणजे रात्री उठलेल्या माणसाचे पाय कोरडे राहतात. सेप्टिक टँक विहिरीपासून निदान ५० फूट लांब आणि विहिरीपेक्षा खालच्या अंगाला. जांभ्याचा कातळ असेल तर अजून लांब, कारण त्याच्या भेगांतून पाणी कुठे निघेल सांगता येत नाही. तुमचं घरही त्याच विहिरीचं पाणी पितं, विसरू नका. आंघोळीचं पाणी केळी आणि कर्दळीला सोडा.

गरम पाण्याचं एक सांगतो आणि हे गंमतीत घेऊ नका. गॅस गिझर बाथरूमच्या आत लावायचा नाही. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि त्याने माणसं गेलेली आहेत. गिझर बाहेरच्या भिंतीवर, उघड्या हवेत, आणि आत फक्त नळ. सोलरचं पाणी पावसाळ्यात भरवशाचं नाही. बाहेर तांब्याचा बंब पेटवलात तर मुलं त्याच्याभोवतीच फिरत राहतील, हाही एक अनुभव आहे.

स्वयंपाकघर खोलीत नको. अन्न आलं की मुंग्या, उंदीर, आणि उंदरामागे साप. जेवण तुमच्या घरी किंवा पडवीत. पाहुण्यांसाठी पडवीत चहाची सोय आणि झाकणाचा डबा, बस.

राहिला उजेड. इथे बरेच लोक उत्साहात येतात आणि झाडांवर निळे-हिरवे फोकस मारतात. अहो, अंधार हा तुमचा माल आहे! शहरातल्या माणसाला तो कुठेच मिळत नाही. अकोले तालुक्यात पुरुषवाडी आणि भंडारदऱ्याकडे मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत लोक रात्रभर प्रवास करून काजवे बघायला जातात. काजव्याचा प्रकाश हा जोडीदाराला दिलेला इशारा असतो. बाजूला झगझगीत दिवा असेल तर तो इशारा पोचत नाही. तुमच्या बागेतही पहिल्या पावसाच्या सुमाराला काजवे असतील. पिवळे, कमी उजेडाचे, खाली तोंड केलेले दिवे लावा, फक्त पायवाटेपुरते. पिवळ्या उजेडाला किडेही कमी येतात. पलंगाजवळ एक बटण आणि एक टॉर्च, कारण वीज जाणारच आहे.

आता पैसे

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या तालुक्याचे दर तुम्ही टाका. समजा सगळं मिळून ८ लाख लागले. रात्रीचे २,५०० रुपये घेता, आणि चादरी धुणं, वीज, झाडलोट यात ७०० जातात. हातात १,८०० राहिले. वर्षात शुक्रवार-शनिवारच्या रात्री १०४. समजा त्यांतल्या न भरलेल्या वजा करून आणि मेच्या सुट्टीतल्या मधल्या वारांच्या मिळवून तुमच्या ९० रात्री भरल्या. १,८०० गुणिले ९० म्हणजे १ लाख ६२ हजार. त्यातून ३५ हजार डागडुजीला बाजूला काढा, कोकणात ते लागतातच. उरले १ लाख २७ हजार. पैसे फिटायला सहा वर्षांहून जास्त.

आता बघा, याच खोलीला जून ते सप्टेंबरमध्ये आणखी ३० रात्री मिळाल्या, तर ५४ हजार वाढतात. १ लाख ८१ हजार झाले, आणि मुद्दल साडेचार वर्षांच्या आत सुटतं. या तीस रात्रींसाठी तुम्हाला नवीन काही बांधायचं नाही. मे महिन्यात पाहुणा कुठेही जातो. जागाच नसते, तो कमी-जास्त चालवून घेतो. पावसाळ्यात मात्र त्याच्याकडे निवड असते आणि तो फोनवर एकच विचारतो, "खोलीत ओल नाही ना?" तुम्ही छातीठोकपणे "नाही, या" म्हणू शकलात तर ५४ हजार तुमचे.

म्हणूनच मी म्हणतो, पहिल्या वर्षी एकच खोली बांधा. आणि शक्य असेल तर बांधायच्या आधी एक पावसाळा त्या जागेवर नुसते फिरा. पाणी कुठे साठतं, ओहोळ कुठून फुटतो, कुठला माड वाकलाय, नारळ कुठे पडतात. चुन्याने खुणा करून ठेवल्या तर पहिल्या सरीत जातील, खुंट्या मारा.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेतजमिनीवर बांधताय तर बिनशेतीचा आणि बांधकाम परवानगीचा प्रश्न आधी तहसीलला आणि ग्रामपंचायतीत जाऊन सोडवा. खाडी किंवा समुद्र जवळ असेल तर सीआरझेड लागतो, आणि काही भागांत पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचे नियम आहेत. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं आहे, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. तुमची शेती खरी असेल तर त्याचा फायदा घ्या. यावर वेगळा व्हिडिओ करतोय, त्यामुळे इथे थांबतो.

खोली पुरी झाली की लगेच पाहुणे घेऊ नका. भर जुलैत घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला तिथे दोन रात्री झोपवा. आजी असेल तर फारच छान, कारण ती मुलाहिजा ठेवणार नाही. सकाळी ती जे जे बोलेल ते लिहून घ्या: उशीला वास येतो, बाथरूमची पायरी दिसली नाही, पंख्याचं बटण हाताला लागलं नाही, पहाटे डासांनी खाल्लं. ती यादी घेऊन गवंड्याला आणि वायरमनला गणपतीच्या आधीच गाठा. एकदा आरत्या सुरू झाल्या की ते दोघेही दिवाळीपर्यंत सापडत नाहीत.